घरी बांधलेला डीसी पॉवर सप्लाय: रिकामा असताना १७.६ व्होल्ट, दिवा लावताच १०.१ व्होल्ट

प्रयोगवही

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात मी घरच्या टेबलावर १२ व्होल्टचा डीसी पॉवर सप्लाय बांधला. मेन्स २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा असून त्याला एकच सेकंडरी, म्हणजे उतरलेला व्होल्टेज देणारी गुंडाळी, आहे. त्यापुढे एसीचा डीसी करणारा, १एन४००७ या चार डायोडांचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टी कपॅसिटर आणि आउटपुट १२ व्होल्टवर स्थिर ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर अशी नेहमीची मांडणी आहे.

भार न जोडता मोजले तेव्हा कपॅसिटरवर १७.६ व्होल्ट आणि आउटपुटवर बरोबर १२.० व्होल्ट मिळाले, त्यामुळे काम फत्ते झाले असे मी समजलो. मग १२ व्होल्ट, १२ वॅटचा तंतूचा दिवा जोडला, म्हणजे साधारण १ अँपिअरचा भार. लगेच कपॅसिटरवर ११.८ आणि आउटपुटवर १०.१ व्होल्ट दिसू लागले. दिव्याऐवजी छोटा ॲम्प्लिफायर जोडला, तर स्पीकरमधून सतत जाड गुणगुण येते.

ट्रान्सफॉर्मरवर २ अँपिअर लिहिले आहे आणि मी त्यातला निम्माच प्रवाह घेतो आहे, तरी व्होल्टेज बसतो कसा? ट्रान्सफॉर्मर खराब आहे, डायोड अपुरे आहेत की रेग्युलेटर नकली आहे? भाग बदलत बसण्यापूर्वी कारण समजून घ्यायचे आहे.

तांबेतार

तुमचा ट्रान्सफॉर्मर बहुधा अगदी ठणठणीत आहे. त्यावर लिहिलेले १२ व्होल्ट ही आरएमएस, म्हणजे एसीची परिणामी, शिखरापेक्षा कमी असलेली किंमत असते, आणि तीही पूर्ण भारावरची. लहान ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या बारीक तारेच्या असतात आणि भार आला की त्यांच्या रोधातच काही व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून बनवणारा सुरुवातीलाच थोडे जास्त वेढे घालून ठेवतो. २०-३० व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकाम्या अवस्थेतला व्होल्टेज लिहिलेल्यापेक्षा १० ते १५ टक्क्यांनी अधिक असणे नेहमीचे आहे.

तुमच्याच आकड्यांवरून पाहा. १२ ऐवजी सुमारे १३.४ व्होल्ट धरले, तर त्याचे शिखर १.४१४ पट, म्हणजे १९ व्होल्टच्या आसपास येते. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत असतात, त्यांचे मिळून सव्वा ते दीड व्होल्ट वजा केले की तुमचे १७.६ जवळजवळ तंतोतंत मिळतात. भार नसताना कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो आणि तिथेच बसून राहतो. भार आल्यावर काय होते, ते कोणी तरी सविस्तर लिहील अशी आशा आहे.

घाईगडबड

१एन४००७ हा १ अँपिअरचा डायोड आहे आणि भारही १ अँपिअरचा आहे. डायोड काठावर चालत आहेत. ते बदला.

शून्यरेषा

घाईगडबड यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ब्रिजमधला प्रत्येक डायोड दर आवर्तनात एकाच अर्ध्या भागात वाहतो, त्यामुळे १ अँपिअर भाराला प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी अर्धा अँपिअर येतो. परंतु तो अर्धा अँपिअर सलग येत नाही. डायोड फक्त शिखराजवळच्या काही मिलिसेकंदांत वाहतात आणि तेवढ्या वेळात कपॅसिटर पुन्हा भरून काढतात, म्हणून प्रवाहाचे ठोके भाराच्या कित्येक पट उंच असतात. १एन५४०८ हे ३ अँपिअरचे डायोड किंवा तयार ब्रिज घातला तर डायोड थंड राहतील, ते करावेच. पण १०.१ व्होल्टचे कारण तिथे नाही.

कारण कपॅसिटरमध्ये आहे. दोन शिखरांच्या मधल्या काळात डायोड बंद असतात आणि सगळा भार एकट्या कपॅसिटरला ओढावा लागतो. ५० हर्ट्झच्या मेन्सवर पूर्णतरंग रेक्टिफायरची, म्हणजे एसीचे दोन्ही अर्धे भाग वापरणाऱ्या अशा ब्रिजची, शिखरे सेकंदाला १०० वेळा येतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी. या काळातली घसरण काढायचे सूत्र साधे आहे: प्रवाह भागिले, १०० गुणिले कपॅसिटरची किंमत फॅरडमध्ये. तुमच्यासाठी १ भागिले (१०० × ०.००१), म्हणजे चक्क १० व्होल्ट. पूर्ण १० मिलिसेकंद कपॅसिटर रिता होत नसल्याने प्रत्यक्षात ही घसरण थोडी कमी, ७ व्होल्टच्या आसपास भरेल, पण चित्र स्पष्ट आहे. भाराखाली शिखर १२ × १.४१४ = १७ व्होल्ट; त्यातून ब्रिजचे दोन व्होल्ट वजा करा, कारण उंच ठोक्यांच्या वेळी प्रत्येक डायोडवर एक व्होल्टपर्यंत पडतो; उरले १५. तेव्हा तुमच्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा १५ वरून ८ वर उतरतो आणि पुन्हा चढतो.

७८१२ ला १२ व्होल्ट स्थिर ठेवायचे तर इनपुटवर सतत सुमारे २ व्होल्ट जास्त, म्हणजे किमान १४ लागतात. त्याखाली इनपुट गेले की तो नुसता इनपुटच्या मागे मागे खाली येतो. म्हणजे दर १० मिलिसेकंदांतला बराचसा वेळ तुमचा रेग्युलेटर काहीही रेग्युलेट करत नाही. स्पीकरमधली गुणगुण म्हणजे तीच १०० हर्ट्झची दरी.

उंबरठा

मग मीटर ८ का दाखवत नाही? प्रयोगवही यांना तर ११.८ दिसले.

शून्यरेषा

मल्टिमीटर डीसी रेंजवर सरासरी दाखवतो. १५ आणि ८ यांच्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या व्होल्टेजची सरासरी साडेअकराच्या आसपास येणार, आणि तेच त्यांना दिसले. रेग्युलेटरला मात्र सरासरीशी देणेघेणे नसते, त्याला सर्वांत खालचा बिंदू पाहिजे असतो. ऑसिलोस्कोप नसेल तर मीटर एसी रेंजवर ठेवून कपॅसिटरवरच मोजावे. काही स्वस्त मीटर एसी रेंजवरही डीसी मिसळून भलताच आकडा देतात, म्हणून मी मीटरच्या लाल तारेबरोबर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये धरतो, म्हणजे डीसी अडते आणि फक्त रिपल, म्हणजे व्होल्टेजचा तो हेलकावा, मीटरपर्यंत पोहोचतो. रिपल करवतीच्या दातांसारखा असल्याने आलेल्या एसी आकड्याला साधारण साडेतीनने गुणले की शिखर ते दरी एवढी उंची कळते.

प्रयोगवही

हे वाचून लगेच मोजले. एसी रेंजवर, सिरीज कपॅसिटरसह, २.० व्होल्ट दिसले. साडेतीनने गुणले की ७ व्होल्ट. आपण मोजण्याआधीच सांगितलेला आकडा मीटरवर उमटलेला पाहताना फार आनंद झाला. म्हणजे १००० च्या जागी ४७०० मायक्रोफॅरड घातला की प्रश्न मिटेल ना?

तांबेतार

तसे वाटते, पण गणित पूर्ण करा. ४७०० मायक्रोफॅरडने सूत्राप्रमाणे रिपल २.१ व्होल्टवर येईल. भाराखालचे शिखर १५, त्यातून २.१ वजा केले तर दरी १२.९ व्होल्टवर. रेग्युलेटरला १४ हवेत. अजून एक व्होल्ट कमीच पडतो. त्यात संध्याकाळी मेन्स १० टक्क्यांनी उतरले, तर शिखर आणखी पावणेदोन व्होल्टनी खाली येईल. कपॅसिटर कितीही मोठा केला तरी दरी शिखराच्या वर जाऊ शकत नाही, आणि इथे शिखरच १५ आहे.

दुसरी अडचण अशी की कपॅसिटर जितका मोठा, तितका डायोडांचा वाहण्याचा काळ आखूड आणि ठोका उंच होतो. गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने असे टोकदार ठोके ट्रान्सफॉर्मरला जास्त तापवतात. म्हणूनच ब्रिज आणि कपॅसिटर जोडल्यावर २ अँपिअरच्या सेकंडरीतून २ अँपिअर डीसी काढता येत नाही. साधारण ६२ टक्के, म्हणजे सव्वा अँपिअरच्या आत राहावे.

घाईगडबड

मग १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि मधली तार मोकळी सोडून दोन्ही टोके ब्रिजला जोडा. २४ व्होल्ट मिळतील, दरीचा प्रश्नच उरणार नाही.

शून्यरेषा

कृपया हे कोणी करू नये. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रिकाम्या अवस्थेत सहज २६-२७ देतो. मेन्स १० टक्के वर असतील तर २९, आणि त्याचे शिखर ४१ व्होल्ट. ७८१२ ची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट आहे. तो पहिल्याच रात्री शॉर्ट होऊन अख्खे ४० व्होल्ट पुढच्या उपकरणात सोडू शकतो. शिवाय मर्यादेत राहिला तरी ३० व्होल्टवरून १२ वर उतरताना १ अँपिअरला १८ वॅट उष्णता होईल, म्हणजे उपयोगात येणाऱ्या १२ वॅटसाठी दीडपट वाया.

मी स्वतः सप्लाय आखताना कागदावर दोनच टोके लिहितो. एक, मेन्स सर्वांत खाली आणि भार पूर्ण असताना दरी कुठे जाते. दोन, मेन्स सर्वांत वर आणि भार शून्य असताना शिखर कुठे जाते. पहिल्या टोकाला रेग्युलेटर उपाशी राहता कामा नये आणि दुसऱ्या टोकाला कोणताही भाग फुटता कामा नये. या दोघांच्या मधल्या कुठल्याही आकड्याची मला काळजी वाटत नाही.

या प्रकरणात १५ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर योग्य बसतो. १५ × १.४१४ = २१.२, मेन्स १० टक्के खाली धरून १९.१, ब्रिजचे दोन वजा, १७.१, रिपलचे २.१ वजा, बरोबर १५ व्होल्ट. रेग्युलेटरला एक व्होल्टची सवलतही राहते. वरच्या टोकाला १५ चे रिकामे १७, त्यावर १० टक्के धरून १८.७, त्याचे शिखर २६.४. म्हणून कपॅसिटर २५ व्होल्टी चालणार नाही, ३५ व्होल्टी घ्यावा.

उंबरठा

१२-०-१२ हाताशी असेल तर दोन डायोड आणि मधली तार शून्य धरून, म्हणजे सेंटर टॅप पद्धतीने, करता येईल का? त्यात एकाच डायोडचा व्होल्टेज पडतो.

शून्यरेषा

चांगला प्रश्न आहे. एक व्होल्ट वाचतो हे खरे. १७ वजा १, वजा २.१, म्हणजे १३.९, मेन्स पूर्ण असतील तर जेमतेम चालेल आणि खाली आले की पुन्हा गुणगुण. त्या पद्धतीत डायोडवर उलटा दाब शिखराच्या दुप्पट येतो, हेही ध्यानात ठेवावे. ५० व्होल्टचा १एन४००१ तिथे काठावर असतो आणि १००० व्होल्टच्या १एन४००७ ला त्याची काही झळ लागत नाही. ९ व्होल्टचा सप्लाय हवा असता तर १२-०-१२ उत्तम ठरला असता.

नवे वळण

एवढे सगळे करण्यापेक्षा तयार एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा, अडॅप्टर का वापरू नये? वजनाने हलका, कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या पुढे, आणि मेन्स १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही असले तरी आउटपुट स्थिर. लोखंड आणि तांबे वाहून नेण्याचा काळ संपला असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मंद्रसप्तक

फोन चार्ज करायचा असेल किंवा एलईडीची पट्टी उजळायची असेल तर आपले म्हणणे मी निर्विवाद मान्य करतो. मायक्रोफोन प्रीॲम्प, रेडिओ रिसीव्हर, सूक्ष्म मापनाची उपकरणे अशा ठिकाणी मात्र एसएमपीएसचा दहा-वीस किलोहर्ट्झपासून कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत पसरणारा गोंगाट काढून टाकणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. रेषीय, म्हणजे आपल्या या ट्रान्सफॉर्मर-रेग्युलेटरच्या, सप्लायचा त्रास एकाच जागी, १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर असतो आणि तो समजला की आवरता येतो. शिवाय मेन्सच्या बाजूला शिखराचे ३२५ व्होल्ट साठवणारा कपॅसिटर त्यात नसतो, म्हणून ज्याला पहिल्यांदा उघडून शिकायचे आहे, त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर फार सज्जन आहे.

गुणगुणीचा विषय निघाला आहे म्हणून एक अनुभव सांगतो. मी प्रीॲम्पसाठी एलएम३१७ हा रेग्युलेटर वापरून असाच सप्लाय केला होता. दरीचे गणित नीट केले होते, रिपल मोजला होता, रेग्युलेटरच्या आउटपुटवर मीटरला काही सापडत नव्हते, आणि तरीही स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची गुणगुण होती. कपॅसिटर २२०० चा ४७०० केला तर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. चौथ्या संध्याकाळी भिंग घेऊन एकेक तार मागे मागे पाहत गेलो, तेव्हा दिसले की प्रीॲम्पची ऋण तार मी ब्रिजच्या ऋण पायावर जोडली होती, आणि तिथून कपॅसिटरच्या ऋण टोकापर्यंत काळ्या तारेचा ६ सेंटीमीटरचा तुकडा होता.

वीजदृष्ट्या दोन्ही जागा एकच, असे कागदावर दिसते. पण कपॅसिटर भरणारे सगळे ठोके त्याच तुकड्यातून जातात. तार ०.७५ चौरस मिलिमीटरची होती. ६ सेंटीमीटरला तिचा रोध सुमारे १.४ मिलिओहम. ५ अँपिअरचा ठोका गेला की त्या तुकड्याच्या दोन टोकांत ७ मिलिव्होल्टचा फरक पडतो, सेकंदाला १०० वेळा. माझ्या मायक्रोफोनचा सिग्नलच त्याहून लहान होता. मोठ्या कपॅसिटरने ठोका टोकदार झाला म्हणून गुणगुण वाढली. सोल्डरचा एक डाग सोडवला, तीच तार ६ सेंटीमीटर पुढे कपॅसिटरच्या ऋण टोकावर लावली, आणि शांतता झाली. तेव्हापासून मी ब्रिजच्या तारा आधी कपॅसिटरवर आणतो आणि बाकी सगळ्या तारा कपॅसिटरच्या टोकांवरून निघतात.

जुनी डबी

मंद्रसप्तक यांचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावण्यासारखा आहे.

ब्रिजबद्दल थोडे अवांतर, पण विषयाला धरून. चार एकदिश घटकांची ही मांडणी डायोडच्या पुष्कळ आधीची आहे. पोलंडचे कारोल पोलाक यांनी तिचे पेटंट १८९५ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये आणि १८९६ च्या जानेवारीत जर्मनीत घेतले. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिओ ग्रेट्झ यांनी १८९७ मध्ये स्वतंत्रपणे तीच मांडणी प्रसिद्ध केली आणि आजही बऱ्याच ठिकाणी तिला ग्रेट्झ ब्रिज म्हणतात. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांचा निर्वात डायोड १९०४ चा, म्हणजे मांडणी आधी आणि तिला शोभणारा घटक नंतर. मी लहानपणी उघडलेल्या जुन्या चार्जरमध्ये सिलिकॉन डायोड नव्हतेच, सेलेनियमच्या चौकोनी पत्र्यांची चळत एका बोल्टवर ओवलेली असे. ती जळाली की इतका उग्र वास सुटे की तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. तो धूर विषारी असतो, तेव्हा अशी चळत सापडली तर तिला वीज न देता तिच्या जागी सिलिकॉन ब्रिज बसवावा. मात्र सिलिकॉनवर व्होल्टेज कमी पडतो, त्यामुळे पुढचा डीसी काही व्होल्टनी वाढतो आणि जुने कपॅसिटर तो सोसतील का, ते आधी पाहावे लागते.

संथवितळ

अजून कोणीच ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या बाजूबद्दल लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. प्रयोगवही, तुमच्या वर्णनात फ्यूज नाही, अर्थिंग नाही. टेबलावर उघड्या पडलेल्या प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सला जोडलेल्या गुंडाळीच्या, दोन टोकांना २३० व्होल्ट आहेत.

फ्यूज प्रायमरीच्या फेज तारेत, स्विचच्या आधी घालावा. १५ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे ३० व्हीए, भागिले २३०, म्हणजे पूर्ण भारावर १३० मिलिअँपिअर. त्यासाठी २५० मिलिअँपिअरचा संथ वितळणारा, ‘टी’ अक्षराचा फ्यूज पुरतो. चटकन वितळणारा घेऊ नये, कारण स्विच लावताक्षणी गाभा चुंबकित होताना आणि रिकामा कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा प्रवाह जातो, त्यात तो निष्कारण जातो. मग वैतागून माणूस मोठा फ्यूज घालतो आणि खरी वेळ आली की गुंडाळी जळते, फ्यूज तसाच राहतो.

डबा धातूचा असेल तर अर्थची हिरवी तार रंग खरवडलेल्या जागी, दातेरी वॉशर घालून, स्वतंत्र बोल्टने आवळावी. ट्रान्सफॉर्मरच्या किंवा झाकणाच्या स्क्रूखाली ती दाबू नये, कारण झाकण उघडले की अर्थ सुटतो. मीटरने प्लगच्या अर्थच्या पिनेपासून डब्यापर्यंतचा रोध मोजून पाहावा. तो एक ओहमच्या पुष्कळ खाली आला पाहिजे.

पहिल्यांदा वीज देताना प्रायमरीच्या वाटेत ४० किंवा ६० वॅटचा तंतूचा दिवा सिरीजमध्ये ठेवावा. सगळे नीट असेल तर दिवा क्षणभर लुकलुकतो आणि मंद होतो. तो पूर्ण उजळून तसाच राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे. वीज बंद करून शोधावे. एलईडी दिवा या कामाला चालत नाही, तंतूचाच हवा, कारण गरम झाला की त्याचा रोध वाढतो आणि तोच प्रवाह आवरतो.

गोल गाभा

संथवितळ यांच्या सिरीज दिव्याने माझा एक ट्रान्सफॉर्मर वाचवला आहे. तो टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा होता. मधल्या भोकातून एक लांब बोल्ट घालून मी तो धातूच्या तळाला आवळला. वर झाकण बसवले तेव्हा बोल्टचे वरचे टोक झाकणाला टेकले. दिवा लख्ख पेटला आणि विझेचना. तार पाहिली, डायोड पाहिले, सगळे निर्दोष. झाकण काढले की दिवा मंद, बसवले की लख्ख.

बोल्ट, झाकण, डब्याची भिंत आणि तळ मिळून गाभ्याभोवती एक पूर्ण वेढा तयार झाला होता, शॉर्ट झालेला एकवेढी सेकंडरी. कोणतीही उघडी तार कशालाही शिवलेली नसताना ट्रान्सफॉर्मर पूर्ण शॉर्टवर चालत होता. अशा ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टचे एकच टोक धातूला लागावे, दुसरे मोकळे राहावे.

उंबरठा

माझ्याकडे जुन्या उपकरणातून काढलेला, काहीही न लिहिलेला ट्रान्सफॉर्मर आहे. चार तारा आहेत. प्रायमरी कोणती, हे कसे ओळखावे?

तांबेतार

मीटरने रोध मोजा. मेन्सच्या बाजूला बारीक तारेचे खूप वेढे असतात, तिथे काही दहा ओहमपासून शंभरेक ओहमपर्यंत मिळतील. उतरत्या व्होल्टेजच्या बाजूला जाड तार, एक ओहम किंवा त्याहून कमी. दोन जोड्यांच्या मध्ये आणि प्रत्येक जोडीपासून गाभ्यापर्यंत मीटरने काहीच दाखवता कामा नये. पहिली वीज सिरीज दिव्यातूनच द्या. चुकून जाड तारेच्या बाजूला मेन्स लागले तर दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट येऊ शकतात, म्हणून इथे अंदाजाने काही करू नये. आणि तो मूळचा ६० हर्ट्झच्या मेन्ससाठी केलेला असेल तर ५० हर्ट्झवर त्याचा गाभा लवकर संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा होतो, आणि ट्रान्सफॉर्मर रिकामाच तापतो. तासभर भाराविना चालवून हाताला चटका बसण्याइतका गरम झाला, तर वापरू नका.

धीराचा

रेग्युलेटरच्या उष्णतेचे गणित राहिले आहे. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतल्यावर कपॅसिटरवरची सरासरी १८ व्होल्टच्या पुढे राहील. १८.२ वजा १२ म्हणजे ६.२, गुणिले १ अँपिअर, ६.२ वॅट. ७८१२ नुसता उभा ठेवला तर दर वॅटला तो पन्नासेक अंशांनी तापतो, म्हणजे काही सेकंदांतच त्याचे अंतर्गत संरक्षण त्याला बंद करील. आतले तापमान ११० अंशांच्या खाली ठेवायचे आणि डब्यातली हवा ४० अंश धरली, तर ७० अंश भागिले ६.२, म्हणजे वॅटला एकूण ११ अंशांची मुभा आहे. त्यातले ५ रेग्युलेटरच्या आतच जातात, एक त्याच्या आणि हीटसिंकच्या मधल्या लेपात. उरले ५, म्हणून वॅटला ५ अंश किंवा त्याहून चांगला हीटसिंक लागेल. ७८१२ चा पत्रा ग्राउंडला असतो, त्यामुळे तो सरळ आवळता येतो. एलएम३१७ चा पत्रा आउटपुटला असतो, तिथे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकची टोपी घालावीच लागते. पुष्कळ जण इथे चुकतात.

रेग्युलेटरच्या पायांना चिकटून इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड घाला. मोठा कपॅसिटर हातभर तारेच्या पलीकडे असला तर तो या कामी येत नाही आणि रेग्युलेटर स्वतःच कंप पावू लागतो.

प्रयोगवही

दहा दिवसांनी परत येत आहे, कारण सगळे करून, मोजूनच लिहायचे ठरवले होते.

१५ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १एन५४०८ चा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टी कपॅसिटर आणि बोटभर उंचीच्या पात्यांचा हीटसिंक. २५० मिलिअँपिअरचा ‘टी’ फ्यूज घातला, अर्थ वेगळ्या बोल्टवर घेतला. सिरीज दिवा लुकलुकून मंद झाला, तेव्हा कुठे श्वास सोडला.

रिकामा असताना कपॅसिटरवर २२.१ व्होल्ट. तोच १२ वॅटचा दिवा जोडल्यावर सरासरी १८.४ आणि एसी रेंजवर ०.५ व्होल्ट, म्हणजे शिखर ते दरी पावणेदोनच्या आसपास, सूत्राच्या २.१ पेक्षा थोडे कमी, जसे शून्यरेषा यांनी म्हटले होते. आउटपुट ११.९८ वर स्थिर. काल संध्याकाळी मेन्स २०८ व्होल्टवर आले होते, तेव्हाही मुद्दाम मोजले: कपॅसिटरवर १६.३, आउटपुट ११.९७. तासाभराने हीटसिंकवर बोट ठेवता येत होते, पण फार वेळ नाही.

ॲम्प्लिफायरची ऋण तार मंद्रसप्तक यांनी सांगितल्याप्रमाणे कपॅसिटरच्या टोकावरून घेतली. आधी मुद्दाम चुकीच्या जागी जोडून पाहिली, कान स्पीकरला लावून; गुणगुण पुसट पण निश्चित ऐकू आली. मग जागा बदलली आणि ती गेली. हा फरक प्रत्येकाने एकदा आपल्या कानांनी ऐकावा असे वाटते.

एकच गोष्ट खटकते. स्विच बंद केल्यावर, भार नसेल तर, कपॅसिटरवर बराच वेळ व्होल्टेज राहतो. ते चालेल का?

संथवितळ

एवढ्या व्होल्टेजने माणसाला धक्का बसणार नाही, पण पेचकस टेकला तर मोठी ठिणगी पडून कपॅसिटर आणि पेचकस दोघांचेही नुकसान होते. कपॅसिटरच्या दोन टोकांवर २.२ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रोधक कायमचा लावून टाका. २२ व्होल्टला त्यात पाव वॅटहून कमी उष्णता होईल आणि एका मिनिटात कपॅसिटर शून्याजवळ येईल.

आउटपुटला नंतर मोठा कपॅसिटर घालणार असाल तर रेग्युलेटरच्या आउटपुटकडून इनपुटकडे एक १एन४००७ उलटा जोडा, म्हणजे इनपुट आधी रिकामे झाले तरी प्रवाह रेग्युलेटरमधून मागे जाणार नाही. तुमचे जुने चार डायोड मोकळेच झाले आहेत; त्यांतला एक इथे कामी येईल.

प्रयोगवही

दोन्ही लावले. मिनिटभराने मीटरवर ०.१ व्होल्ट. आता झाकण बसवतो.